पाला कडुनिंबाचा, पावडर जस्ताची

पावसाची जरा उघडीप मिळाली की या कॉलमला डासांची पत्रं सुरू होतात, दरवर्षीचंच आहे ते. पण या खेपेला जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच शब्द आहे, नॅनो. झाडपाल्यापासून बनवलेल्या धातूच्या नॅनो पावडरचा व्हिडिओ बऱ्याच जणांच्या मोबाइलवर फिरून आलाय असं दिसतंय. मी कॉलेजात झूलॉजी शिकवायचे, डासांच्या अळ्या वाटीत घेऊन बसण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, त्यामुळं या महिन्यात बाकीचे विषय बाजूला ठेवते आणि यावरच बोलते.

प्रश्न : मॅडम, आम्ही राजारामपुरीत राहतो. पाणी एक दिवसाआड येतंय त्यामुळं दोन बॅरल भरून ठेवावे लागतात, शिवाय गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. मुलाला गेल्या वर्षी डेंग्यू झाला, सहा दिवस ॲडमिट होता, तेव्हापासून घरात डास दिसला तरी पोटात गोळा येतो. शेजारच्या दादांनी व्हिडिओ दाखवला, कडुनिंबाच्या पानांपासून बनवलेली झिंक ऑक्साइडची नॅनो पावडर, पाण्यात टाकली की अळ्या मरतात आणि शंभर टक्के नैसर्गिक आहे म्हणे. ते मागवणार आहेत, आम्हालाही थोडी देतो म्हणालेत. टाकीत टाकू का?

उत्तर : टाकू नका ताई. टाकीत नको आणि बॅरलमध्येही नको. का ते नीट सांगते, कारण व्हिडिओत दाखवलंय ते खोटं आहे असंही नाही, अळ्या खरंच मरतात, आणि त्यामुळंच माणूस फसतो.

आधी ही पावडर बनते कशी ते बघा. कडुनिंब, तुळस, अडुळसा, निर्गुडी, कुठला तरी पाला घ्यायचा, धुऊन बारीक करून डिस्टिल्ड वॉटरमध्ये साठ ते ऐंशी डिग्रीला तापवायचा, गाळून घ्यायचा, म्हणजे काढाच झाला म्हणा ना. त्या काढ्यात झिंक नायट्रेट नाहीतर झिंक ॲसिटेट, म्हणजे जस्ताचा क्षार घालायचा आणि ढवळत राहायचं. पानातली पॉलिफिनॉल, फ्लेवोनॉइड, प्रथिनं असली द्रव्यं जस्ताला धरतात, कणांभोवती बसतात, त्यांना एकमेकांना चिकटून मोठं होऊ देत नाहीत. खाली साका बसतो तो धुवायचा, वाळवायचा आणि बहुतेक वेळा भट्टीत चारशे-पाचशे डिग्रीला भाजायचा. मग हातात येते ती पांढरट पावडर. तिचे कण शंभर नॅनोमीटरच्या आतले असतात. आपला केस ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, तेव्हा असे हजारभर कण शेजारी शेजारी मांडले तर कुठं एका केसाची रुंदी भरेल, एवढे ते बारीक.

आता मला सांगा, चारशे डिग्रीला भाजल्यावर कडुनिंबाचं काय शिल्लक राहणार? त्याचा कडूपणा, त्यातलं कीड मारणारं द्रव्य ॲझाडिरेक्टिन, सगळं जळून जातं. उरतं ते जस्त आणि ऑक्सिजन. पाल्यानं तिथं कारागिराचं काम केलं, माल सगळा जस्ताचा. शास्त्रज्ञ या पद्धतीला ग्रीन म्हणतात ते बनवण्यापुरतं, कारण एरवी असले कण करायला तिखट रसायनं लागतात, ती बऱ्यापैकी वाचतात, आणि ते काम चांगलंच आहे, मला त्याचं कौतुक आहे. पण ती पावडर पाण्यात पडल्यावर मासा, बेडूक, माणूस यांच्याशी कशी वागते ते जस्तावर ठरतं, पाल्यावर नाही.

अळी मरते कशी? डासाची अळी तोंडाजवळच्या केसांच्या ब्रशनं पाण्यातलं बारीकसारीक सगळं ओढून खात असते, शेवाळ, जंतू, कुजका कचरा, त्यात हे कणही पोटात जातात. आतड्यात ते काही विरघळतात, जस्त सुटं होतं, शिवाय कणांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनची फार चळवळी रूपं तयार होतात ती आतड्याच्या पेशी जाळतात. ही किमया फक्त डासाच्या पोटात होते असं कुठं आहे, पाण्यातल्या इतर बारीक जिवांच्या पोटातही तेच होतं. झिंक ऑक्साइडच्या पिशवीवर पाण्यातल्या जिवांना अत्यंत विषारी असा इशारा असतो तो यामुळंच.

आता तुमच्या टाकीचा हिशोब करू. असल्या पावडरींचे लॅबमधले आकडे बघितले तर अर्ध्या अळ्या मारायला लिटरला काही मिलिग्रॅमपासून पन्नास-शंभर मिलिग्रॅमपर्यंत पावडर लागलेली दिसते, पाला कुठला, कण केवढे, अळी कुठल्या डासाची यावर ते बदलतं. आपण मधला पन्नास धरू. हजार लिटरला झाली ५० ग्रॅम पावडर. झिंक ऑक्साइडमध्ये वजनानं ८० टक्के जस्तच असतं, म्हणजे ४० ग्रॅम जस्त, लिटरला ४० मिलिग्रॅम. आपल्या भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे आयएस १०५००, त्यात जस्त लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरं पाणीच नसेल तर फार फार १५. सगळी पावडर काही विरघळत नाही हे खरं, पण उरलेली खाली गाळात बसते आणि टाकी तळाला आली की तुमच्या नळातून बाहेर येते. आणि एवढं करून अर्ध्याच अळ्या मेल्या! शेजारी ठेवून बघा, सरकारी आरोग्य कर्मचारी टाकतात ते टेमिफॉस, आपण ज्याला अबेट म्हणतो, त्याची पिण्याच्या पाण्यातली मर्यादाच लिटरला १ मिलिग्रॅम आहे, म्हणजे हजार लिटरला १ ग्रॅम मूळ औषध, आणि तेवढ्यात काम होतं.

काही वाचक म्हणतील की यशद भस्म तर आपण पोटात घेतो, आणि ते मुख्यत्वे झिंक ऑक्साइडच आहे. बरोबर आहे, पण वैद्य ते गुंजेच्या मापात, माणूस बघून, ठरावीक दिवस देतात, टाकीत ओतून घरादाराला रोज पाजत नाहीत.

मग करायचं काय, तर तुमची भीती खरी आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. डेंग्यूचा डास म्हणजे एडीस इजिप्ती, पाय पांढऱ्या पट्ट्यांचे, चावतो दिवसा, आणि त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं, तुमच्या बॅरलसारखं. त्याची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर बॅरलच्या ओलसर भिंतीला चिकटवते, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, पाणी चढलं की फुटतात. त्यामुळं नुसतं बॅरल उपडं करून भागत नाही, आतून काथ्यानं नाहीतर ब्रशनं खसाखसा घासावं लागतं, कडेची ती रेघ निघाली पाहिजे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्याकडच्या हवेत सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातनं एक दिवस कोरडा पाळायला सांगतात, आठवडा हा आकडा तिथनं आलाय. एक दिवसाआड पाणी येतंय तर तुमचं जमण्यासारखं आहे, दोन बॅरल आलटून पालटून रिकामे करा. तोंडाला जुनी सुती साडी दुहेरी करून इलॅस्टिकनं ताणून बांधा, झाकण सैल असेल तर डास आरामात आत जातो. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप बघा, त्याला जाळी आहे का? फ्रिजच्या मागचा ट्रे बघा.

२०१९ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि कोल्हापूर शहराचे नळ बंद पडले तेव्हा आपण सगळ्यांनी घरातलं हाताला लागेल ते भांडं भरून ठेवलं होतं, आठवतंय ना. पूर ओसरून नळ आले तरी आमच्या जिन्याखालचं एक पिंप तसंच भरलेलं राहिलं, कुणाच्या ध्यानातच नव्हतं, आणि नातवंडं आजारी पडल्यावर टॉर्च मारून बघितलं तर आत वळवळ नुसती. डासांवर एवढं शिकवलेली मी, आणि पिंप माझ्या घरात. तो प्रसंग मी विसरलेली नाही, म्हणून प्रत्येक वेळी जिन्याखाली बघा म्हणून सांगते.

प्रश्न : आम्ही शिरोळ तालुक्यातले. उसाला पाणी द्यायला शेततळं काढलंय, त्यात रोहू-कटला सोडलेत. संध्याकाळ झाली की डास लई. घरामागं जुनी विहीर हाय ती वापरात न्हाई. पोरगं म्हणतंय कॉपर ऑक्साइडचं नॅनो औषध निघालंय पाल्यापासनं केलेलं, तळ्यात आणि विहिरीत दोन्हीकडं मारूया. मारावं का?

उत्तर : दादा, तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला मोरचूद माहीत आहे, तो तांब्याचाच क्षार. मोरचुदाची फवारणी झाल्यावर पंप तळ्यात धुतला तर काय होतं तेही माहीत असेल. तांबं माशाच्या कल्ल्यावर बसतं, आणि पाणी जेवढं मऊ तेवढा त्रास जास्त. कॉपर ऑक्साइडचे नॅनो कण म्हणजे तेच तांबं हळूहळू सोडणारी पुडी समजा. माशांच्या तळ्यात ते अजिबात नको.

तसं बघितलं तर तुमच्या तळ्यात अळ्या मधोमध असण्याची शक्यता कमीच, मासे खाऊन टाकतात. त्या असतात काठाला, जिथं गवत पाण्यात लोळतंय, माशाला शिरायला जागा नाही तिथं. काठ साफ ठेवा, गवत कापा, तेवढ्यानंच फरक दिसेल. विहिरीत गप्पी मासे सोडा, जिल्हा हिवताप कार्यालयाकडं किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी फुकट देतात. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, त्यामुळं एकदा सोडली की भर आपोआप होते. फक्त एक पथ्य पाळा, हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तो विहिरीत, हौदात ठीक, ओढ्यात आणि नदीत सोडू नका, आपल्याकडच्या बारक्या माशांच्या पोटावर पाय येतो. विहीर वापरातच नसेल तर तोंडावर जाळी टाकून बंद केली तरी चालेल, पोरंबाळं असतात आजूबाजूला.

आणि उसाला आपण झिंक सल्फेट घालतो की, मग जस्त वाईट कसं, असं पोरगं विचारेल. जमिनीत माती जस्ताला धरून ठेवते आणि पिकाला कमी पडतं म्हणून आपण ते मोजून देतो. तळ्यातल्या माशाला जस्त कमी पडलेलं नसतं.

प्रश्न : नमस्कार. शिवाजी पेठेतल्या एका तालमीचे आम्ही कार्यकर्ते. भागात डेंग्यूचे पेशंट वाढलेत. मंडळानं यंदा वर्गणीतले पैसे आरोग्यासाठी काढून ठेवलेत. एक माणूस येऊन भेटला, नॅनो लिक्विड आहे, गटारीत टाकलं की महिनाभर डास नाही, झाडपाल्याचं असल्यामुळं परवानगीबिरवानगी काही लागत नाही म्हणाला. काहींचं म्हणणं त्यापेक्षा धूर फवारणीचं मशीन घेऊया. मार्गदर्शन करावं.

उत्तर : वर्गणीतनं आरोग्याला पैसे काढलेत हे वाचून फार बरं वाटलं, म्हणून ते वाया जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

परवानगी लागत नाही हे साफ चुकीचं आहे. आपल्या देशात कीटकनाशकांचा कायदा आहे, १९६८ चा, आणि डास मारायला म्हणून विकायच्या औषधाची केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या नोंदणी समितीकडं नोंदणी लागते, मग ते पाल्याचं असो, जिवाणूचं असो नाहीतर रसायनाचं. बाटलीवर नोंदणी क्रमांक, मूळ घटक किती टक्के, विषारीपणाचा रंगीत चौकोन आणि उतारा काय द्यायचा ते छापलेलं असतं. त्या माणसाला एवढंच म्हणा, लेबल दाखवा. लेबलावर यातलं काही नसेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

दुसरी गोष्ट, तुम्ही लढताय डेंग्यूशी आणि औषध ओतणार गटारीत. गटारीतला डास बहुतेक क्युलेक्स असतो, रात्री कानाशी गुणगुणतो तो, त्याला घाण पाणी चालतं. तो त्रास देतो, हत्तीरोग त्याच्याकडून पसरतो, पण डेंग्यू त्याच्याकडून येत नाही. म्हणजे गटारीवर लाखभर खर्च केलात तरी डेंग्यूचा पेशंट एकानंही कमी होणार नाही. शिवाय गटारीत गाळ, साबण, अन्नाचा खरकटा असतो, हे बारीक कण त्याला चिकटून गुठळ्या होतात आणि तळाला बसतात, अळीच्या तोंडापर्यंत पोचतच नाहीत. लॅबमध्ये स्वच्छ पाण्याच्या ग्लासात दिसलेला रिझल्ट तिथं दिसत नाही. आणि पाऊस आला की ते सगळं नाल्यातनं पंचगंगेत, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत. नदीनं आधीच किती सोसलंय ते तुम्हाला मी सांगायला नको. साचलेल्या गटारीसाठी बीटीआय नावाचा जिवाणू आहे, १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव वाळवंटात सापडला, त्याच्यातले प्रथिनाचे स्फटिक डासाच्या अळीच्या अल्कधर्मी आतड्यातच उघडतात आणि आतडं फोडतात, माशाला, माणसाला काही होत नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं त्याची मागणी करा, पत्र तालमीच्या लेटरहेडवर द्या.

धूर फवारणीबद्दल म्हणाल तर धूर फक्त उडणाऱ्या डासाला मारतो, अळीला नाही, अंड्याला नाही. चार दिवसांनी नवी पिढी बाहेर. त्यातून एडीस बसतो घराच्या आत, दोरीवरच्या कपड्यांत, कॉटखाली, पडद्यामागं, आणि धूर जातो रस्त्यानं, लोक तर दारं लावून घेतात. साथ भडकलेली असताना पेशंटच्या घराच्या आत आणि आजूबाजूला फवारणीचा उपयोग आहे, ते काम आरोग्य खात्याची माणसं करतात. तुम्ही मशीन घेऊ नका.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं सांगते. पैशातनं नायलॉनची जाळी आणि क्लिपा आणल्या असत्या, भागातल्या प्रत्येक संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधायला. ज्या घरांच्या टाक्यांना झाकण नाही त्यांना झाकणं दिली असती. रविवारी सकाळी तालमीची पोरं दोन-दोनच्या जोडीनं टॉर्च घेऊन घरोघर, सोबत आशाताई असल्या तर लोक दार उघडतात. बॅरल, फुलदाणी, कुलर, गच्चीवरची कुंड्यांची बशी, गल्लीच्या टोकाला पडलेले टायर. टायरमध्ये चमचाभर पाणी पुरतं एडीसला. गणपतीचा मांडव उतरवल्यावर ताडपत्री गुंडाळून कुठं पडते, तिच्या घड्यांत पाणी साचतं का, हेही बघा. कुठल्या घरात काय सापडलं ते वहीत लिहा, पुढच्या रविवारी परत त्याच घरात जा. एखाद्या घरात दुसऱ्यांदाही अळ्या सापडल्या तर रागावू नका, बसून पिंप घासून द्या.

प्रश्न : गडहिंग्लजहून लिहिते. आमच्याकडं संध्याकाळी कडुनिंबाचा पाला आणि वेखंड जाळून धूर करायची पद्धत आहे. सून म्हणते आता नॅनोचा जमाना आहे. घरात सहा महिन्यांचं बाळ आहे.

उत्तर : मावशी, धुरानं डास थोडा वेळ बाजूला होतात, मरत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या बाळाच्या छातीला धूर कुठलाही असो, पाल्याचा नाहीतर कॉइलचा, चांगला नाही. पावडरही घरात आणू नका, एवढे बारीक कण सुके असताना उडून श्वासात जातात. बाळाला मच्छरदाणी, रात्री तर हवीच पण दुपारच्या झोपेलासुद्धा, डेंग्यूचा डास दिवसा चावतो. सुनेला हे वाचून दाखवा, दोघींचाही हेतू बाळाचाच आहे.

प्रश्न : मॅडम, मी एमएस्सीला आहे, विद्यापीठाजवळ रूम करून राहते. प्रोजेक्टला निर्गुडीच्या पानांपासून झिंक ऑक्साइड नॅनोपार्टिकल्स आणि डासअळ्यांवर परिणाम असा विषय घेतलाय. काढ्यात झिंक नायट्रेट घातल्यावर तपकिरी रंग आला म्हणजे नॅनो झाले ना? नंतर सोडियम हायड्रॉक्साइड घालून साका पाडला. नाल्यातनं अळ्या आणून २५-२५ कपात ठेवल्या, सहा तासांत सगळ्या मेल्या. पण नुसत्या नळाच्या पाण्याच्या कपातही दुसऱ्या दिवसापर्यंत ७ मेल्या. गाइड म्हणतात रिझल्ट छान आहे, लिहून टाक. मला मात्र खटकतंय. तुमचा कॉलम आई वाचते, तिनं विचारायला सांगितलं.

उत्तर : तुला खटकलं याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आईला नमस्कार सांग. आता एकेक बघू, आणि हे उत्तर जरा लांबणार आहे.

रंगापासून सुरू करू. तपकिरी रंग म्हणजे कण झाले हे चांदीच्या बाबतीत खरं, तिथं चांदीच्या क्षारातली चांदी सुटी होऊन धातू बनते आणि द्रावण पिवळं-तपकिरी होतं. जस्ताचं तसं नसतं, झिंक ऑक्साइड पांढरं असतं, तुला दिसला तो रंग निर्गुडीच्या काढ्याचाच. त्यामुळं रंगावर जाऊ नकोस. यूव्ही स्पेक्ट्रममध्ये ३६० ते ३८० नॅनोमीटरच्या आसपास शोषण दिसतं का बघ, आणि एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची तपासणी, करून घे, ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशाला तीन उंच शिखरं शेजारी शेजारी आली तर झिंक ऑक्साइड आहे. शिखरांच्या रुंदीवरनं शेररच्या सूत्रानं जो आकार काढशील तो स्फटिकाचा, कणाचा नाही, एका कणात अनेक स्फटिक असू शकतात, तेव्हा कणाचा आकार म्हणून लिहायचा तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो लागेल.

आता ते ७. पंचवीसपैकी सात म्हणजे २८ टक्के. कंट्रोलमध्ये, म्हणजे औषध न घातलेल्या कपात, २० टक्क्यांच्या वर अळ्या मेल्या तर ती पूर्ण टेस्ट बाद धरायची आणि परत करायची, हा नियम आहे. पाच ते वीसच्या मध्ये असेल तर ॲबटच्या सूत्रानं आकडा दुरुस्त करायचा, १९२५ पासून तेच वापरतात. समजा औषधाच्या कपात ८० टक्के मेल्या आणि कंट्रोलमध्ये १०, तर ८० मधनं १० वजा, भागिले १०० वजा १०, गुणिले शंभर, येतात ७७.८. तुझ्या टेस्टला ते लागू होत नाही, तू परत करायचीस, गाइड काही म्हणोत. त्यांना नम्रपणे हा आकडा दाखव, मला वाटतं ऐकतील.

कंट्रोलमध्ये मेल्या का? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते दिवसभर उघडं ठेवून उडवून द्यावं लागतं. नाल्यातल्या अळ्या एकदम स्वच्छ पाण्यात टाकल्यावर त्यांना धक्का बसतो, एक दिवस तरी लॅबमध्ये रुळू देत, बिस्किटाचा चुरा आणि यीस्ट खायला घाल. ड्रॉपरचं तोंड बारीक असेल तर उचलतानाच दुखावतात. शिवाय वेगवेगळ्या वयाच्या अळ्या एका कपात घेतल्यास का? तिसऱ्या अवस्थेच्या शेवटच्या, चौथीच्या सुरुवातीच्या घ्यायच्या, कोष व्हायला आलेल्या नकोत.

आणि अळ्या कुठल्या डासाच्या ते ओळखलंस का? नाल्यातल्या म्हणजे बहुधा क्युलेक्स, श्वासनळी लांब आणि बारीक, डोकं खाली करून तिरक्या लोंबतात. एडीसची नळी आखूड आणि जाड. ॲनोफिलिसला, म्हणजे हिवतापाच्या डासाच्या अळीला, नळीच नसते, ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. शीर्षकात डेंग्यू लिहायचा असेल तर एडीसच्याच अळ्या लागतील.

आता खरा प्रश्न, तुझ्या कपात अळ्या कशानं मेल्या? सोडियम हायड्रॉक्साइड घातलं होतंस, साका किती वेळा धुतलास? पीएच बघितलास का? ते हायड्रॉक्साइड मागं राहिलं असेल तर त्यानंच मेल्या असतील. झिंक नायट्रेट थोडं मागं राहिलं असेल तर सुट्या जस्तानं. निर्गुडीच्या काढ्यानंही अळ्या मरू शकतात, त्यात तेल असतं. म्हणून एकाच कंट्रोलवर भागत नाही. नुसतं पाणी एक, नुसता काढा तेवढ्याच प्रमाणात एक, नुसतं झिंक नायट्रेट त्यात जेवढं जस्त बसेल त्या मापानं एक, आणि केमिस्टकडं मिळतं ते साधं झिंक ऑक्साइड एक. हा शेवटचा कप कधीच चुकवू नकोस. साध्या पावडरीनं तेवढ्याच अळ्या मेल्या तर नॅनो केल्याचा फायदा काय झाला आणि पाल्याचा वाटा किती, हे तुला लिहावं लागेल, आणि ते लिहिलंस तर तुझा प्रोजेक्ट बाकीच्यांपेक्षा उजवा ठरेल.

प्रत्येक प्रमाणाला निदान चार कप, २५ अळ्यांचे, १०० मिलिलिटर पाणी, २४ तासांनी मोज. पाच-सहा वेगवेगळी प्रमाणं घे, सगळीकडे सगळ्या मेल्या तर एलसी पन्नास, म्हणजे अर्ध्या अळ्या मारणारं प्रमाण, निघणारच नाही. हा पूर्ण प्रयोग वेगळ्या दिवशी पाला नवा आणून परत कर. निर्गुडी पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली सारखी नसते, पानातली द्रव्यं बदलतात, त्यामुळं या विषयात एकाचा रिझल्ट दुसऱ्याला मिळत नाही ही मोठी अडचण आहे. पाला कुठून, कुठल्या महिन्यात, कोवळा का जून, सगळं वहीत लिही. जमलं तर एक संच डिस्टिल्ड वॉटरऐवजी खऱ्या पाण्यात कर, रंकाळा तलावाचं, तुझ्या रूमच्या बॅरलचं. क्षार आणि कुजका कचरा असला की कण गोळा होऊन खाली बसतात, आकडा कितीतरी बदलेल, आणि बाहेरच्या जगात काय होणार ते त्या आकड्यातनं कळतं. त्याच प्रमाणात डॅफ्निया, म्हणजे पाण्यातला पिसवेएवढा बारीक जीव, ठेवून बघ. डॅफ्निया अळ्यांच्या आधी मेली तर तेही रिझल्टमध्ये यायला पाहिजे.

एक शेवटचं. कपांना रात्री जाळी बांध, तुझ्या टेबलावर कोषातनं डास बाहेर यायला नकोत. आणि उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नकोस, लॅबच्या धातूच्या कचऱ्याच्या कॅनमध्ये जमा कर. परत केल्यावर समजा चाळीस टक्केच मेल्या असं आलं, तर तोच आकडा मला कळव, आपण या कॉलममध्ये छापू.